पोपटाचे चार दात

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सहाच माणसं होती, आणि त्यातल्या दोघांची तोंडं दिवसभर चालू असत. एक भाऊ, दुसरी मावशी. भाऊ मेणात दात बसवायचा. मावशी तयार कवळी तपासून, घासूनपुसून, चिठ्ठीवर सही करून डब्यात घालायची. दोघांची टेबलं समोरासमोर, मधल्या फळीवर रेडिओ, आणि सगळी भांडणं त्या रेडिओवरून.

मावशी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. वय एकसष्ट, पाठ ताठ, जीभ तिखट. महिन्यातून एकदा ती सभागृहात जाऊन चार व्हायोलिनांची मैफल ऐकायची आणि मांडीवर स्वरलिपीची वही उघडून वादकांच्या चुका पेन्सिलीने टिपायची. भाऊ पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. तो ‘आडवाट’चा. ‘आडवाट’ हा पाच जणांचा बँड होता. एक साधं गाणं घ्यायचं, दोन कडवी नीट वाजवायची, मग कुणीतरी वाट सोडायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचं. अर्ध्या-पाऊण तासाने फिरून मूळ सुरावर यायचं. आज वाजलं तसं उद्या वाजेल याची खात्री नाही. बँड फुटून एकोणीस वर्षं झाली होती.

“त्यांना गाणं संपवता येत नाही, म्हणून वाजवत राहतात,” मावशी म्हणायची. “निघालेला पाहुणा दारात उभा राहून तासभर बोलतो ना, तसं.”

“आणि तुमचे? दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने लिहून ठेवलंय तेवढंच वाजवायचं. एक सूर इकडचा तिकडे झाला, की सभागृहात कुणीतरी गेल्यासारखे चेहरे.”

“लिहिलेलं वाजवायलाही अक्कल लागते, भाऊ. हे तुझे वाटेल तिकडे धावतात. वाट चुकलेली मेंढरं नुसती.”

“मेंढरं नाहीत, मावशी. गिर्यारोहक.”

“मग पडत कसे नाहीत एकदाचे?”

या भांडणाला तिसरा भिडू होता पोस्टमन. रोज अकराच्या सुमारास तो दवाखान्यांकडून आलेली खोकी घेऊन यायचा. खोक्यांत लोकांच्या जबड्यांचे ठसे. सही घ्यायला एक मिनिट पुरे, पण हा वीस मिनिटं बसायचा. चौतीस वर्षांचा हा गडी ‘आडवाट’चा वेडा भक्त होता, आणि गंमत म्हणजे त्याने बँड कधी प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता. बँड फुटला तेव्हा तो शाळेत होता. त्याने सगळं ऐकलं ते टेपांवर.

एका सोमवारी तो दारातूनच ओरडला, “भाऊ, एकत्र येतायत! पाचही जण! पुढच्या महिन्यातला पहिला रविवार, दुपारी चार वाजता, नदीकाठच्या मैदानावर!”

“पाचही अजून जिवंत आहेत?” मावशीने विचारलं.

पोस्टमनने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. “भाऊ, मी काल टेप्याची पुलाखालची टेप परत ऐकली. काय आवाज पकडलाय! शेजारचा माणूस खोकतो तेसुद्धा सुरात वाटतं. चोर होता लेकाचा, पण कान होता त्याला.”

भाऊची सुरी मेणात नको तेवढी खोल गेली. मान खाली घालून त्याने ते मेण पुन्हा वितळवलं.

कारण टेप्या तोच होता.

विशीत, डोक्यावर केसांचं टोपलं आणि छातीपर्यंत दाढी असताना, तो अकरा वर्षं या बँडमागे गावोगाव फिरला होता. पाठीवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र, हातात दोन माइक बांधलेली लांब काठी. दोनशे चौदा कार्यक्रम. बँडची परवानगी होती. अट एकच, टेपा वाटायच्या, विकायच्या नाहीत. टेप्याने एकही विकली नाही. कोरी टेप पाठवा, भरून परत पाठवतो, असा त्याचा शिरस्ता.

मग तो शेवटचा कार्यक्रम आला. त्याच्या आदल्या महिन्यात बाजारात ‘आडवाट’च्या टेपा छापील वेष्टनात विकायला आल्या होत्या आणि बँडमध्ये एकमेकांवर संशय सुरू झाला होता. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला चाहते ‘पोपट’ म्हणत. कायम हिरवा सदरा, बाकदार नाक आणि अखंड बडबड. त्या दिवशी दुसरं गाणं संपल्यावर पोपट माइकवर आला आणि बोटाने टेप्याला दाखवून म्हणाला, “मंडळी, हा आपला चोर. आपण मायेने जवळ केलं, आणि हा आपल्याला विकून खातोय.” चार हजार माणसं वळून बघायला लागली. पोपट खाली उतरला, टेप्याचं यंत्र त्याने जमिनीवर आपटलं आणि त्यावर बूट ठेवून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना टेप्याने वर्षानुवर्षं टेपा पाठवल्या होत्या, त्यांनीसुद्धा.

टेप्याचे वडील बसमध्ये तिकीट तपासनीस. आयुष्यभर बिनतिकीट माणसं पकडलेला माणूस. डेपोतल्या कुणाचा तरी मुलगा मैदानावर होता, त्यामुळे सकाळी बातमी डेपोत पोचली. संध्याकाळी वडिलांनी गणवेशाची बटणं सोडता सोडता विचारलं, “घेतलेस का रे पैसे?”

“नाही, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही. तीन वर्षांनी ते गेले. त्या ‘बरं’चा अर्थ काय होता, हे भाऊला शेवटपर्यंत कळलं नाही. विश्वास ठेवला, की नुसतं ऐकून घेतलं? यंत्र मोडल्याचं दुःख केव्हाच विरून गेलं होतं. ते ‘बरं’ मात्र मोडलेल्या काट्यासारखं आत रुतून राहिलं होतं.

त्याने दाढी काढली, केस आपोआप गेले, गाव बदललं, आणि मेणाचं काम धरलं. ‘आडवाट’वरचं प्रेम काही सुटलं नाही. त्याचा त्याला रागही यायचा. कुत्र्याने चावा घेतला तरी कुत्रा आवडावा, तसं ते होतं.

बातमी आल्यापासून आठ-नऊ दिवसांनी रेडिओवर पोपटाची मुलाखत झाली. कारखान्यात सगळ्यांनीच ऐकली. निवेदिकेने विचारलं, “जुन्या दिवसांतली एखादी गंमत सांगा ना.” पोपट खो खो हसला. “एक चोर होता आमच्याकडे. टेप्या नाव. त्याच्या यंत्रावर मी असा नाचलो, की त्यानंतर इतकं सुंदर तालवाद्य मी ऐकलंच नाही!” निवेदिका हसली. पोस्टमनही हसला. भाऊ उठून मागच्या खोलीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, पोस्टमनने आणलेल्या खोक्यांत एक खोकं होतं. आत वरच्या जबड्याचा ठसा, पुढचे चार दात गायब. सोबत जुन्या दातांचा एक प्लास्टरचा नमुना आणि दंतवैद्य बाईंची चिठ्ठी: ‘रुग्ण रेडिओ केंद्राच्या पायऱ्यांवरून पडले. सॅक्सोफोनवादक आहेत. चार दातांची काढता-घालता येणारी प्लेट हवी. दातांची ठेवण जुन्या नमुन्याप्रमाणे तंतोतंत, कारण वाद्याचं तोंड याच दातांवर टेकतं. कार्यक्रम पुढच्या रविवारी. घाई आहे.’

खाली नाव होतं. भाऊने ते तीनदा वाचलं.

“काय रे, लॉटरी लागली?” मावशीने विचारलं. “दात दिसतायत तुझे.”

“पोपट पायऱ्यांवरून पडला. पुढचे चार गेले.”

“देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात,” ती म्हणाली. “आता तरी गाणं लवकर संपेल.”

भाऊ हसला. बऱ्याच वर्षांत असा हसला नव्हता.

त्याने ते काम इतक्या मन लावून केलं, की शेजारचा कामगार दोनदा विचारून गेला. सोमवारी मेणातली प्लेट तोंडात बसवून बघायला दवाखान्यात गेली आणि ‘उत्तम’ असा शेरा घेऊन परत आली. आता फक्त मेणाच्या जागी हिरडीच्या रंगाचा पक्का मसाला भरायचा. आणि याच टप्प्यावर, मंगळवारी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, भाऊने दिवा पेटवला, सुरी तापवली आणि मधले दोन दात अर्धा मिलिमीटर आत ढकलले. एकाची कड किंचित तिरकी केली. मागच्या दाढेला धरणारी तार जराशी सैल केली. आरशात काहीच कळलं नसतं. खायला-बोलायलाही काही अडचण नव्हती. पण सॅक्सोफोन तोंडाशी धरून जोर लावला, की प्लेट थरथरणार, हवा बाजूने निसटणार आणि चार हजार माणसांसमोर फुस्स आवाज येणार. नावातच पोपट असलेल्या माणसाचा भर मैदानात पोपट! भाऊला तो आवाज आत्ताच ऐकू येत होता. इतका गोड सूर ‘आडवाट’नेही कधी लावला नव्हता.

मावशी जेवून आली. हात पुसता पुसता तिने प्लेट उचलली, खिडकीशी नेली, मग खणातून एक रबरी साचा काढला. सोमवारी दवाखान्याला पाठवण्याआधी तिने तो मेणातल्या दातांवरून उठवून ठेवला होता. भाऊला हे माहीत नव्हतं. तिने साचा दातांवर ठेवला. तो बसेना.

तिने दार ओढून घेतलं.

“चूक आहे की मुद्दाम आहे?”

भाऊने सुरी खाली ठेवली. “मुद्दाम.”

“बोल.”

मग त्याने सगळं सांगितलं. काठी, माइक, बूट, टाळ्या, डेपो, वडिलांचं ‘बरं’. सांगताना आवाज चढला नाही, पण हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. मावशीने मध्ये एक शब्दही टाकला नाही. तिच्या बाबतीत हे नवलच होतं.

“मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, सोडून दे,” भाऊ म्हणाला.

“मी का म्हणेन? माझ्या बापाला कुणी असं विचारायला लावलं असतं, तर मी त्याच्या चहात खिळे घातले असते.” ती खुर्ची ओढून बसली. “पण दोन गोष्टी आहेत. एक, चिठ्ठीवर सही माझी असते. सदतीस वर्षांत माझ्या सहीखाली वाकडा दात गेलेला नाही, आणि तुझ्या पोपटासाठी तर जाणारच नाही.”

“आणि दुसरी?”

“दुसरी म्हणजे तू मूर्ख आहेस. समज, तो फसला. लोक काय म्हणतील? म्हातारा झाला, पडला होता बिचारा, तरी आला. उलट टाळ्या देतील. त्यालाही वाटेल, वय झालं. तू मारलंस हे त्याला कळणारसुद्धा नाही. ज्याला लागलं त्यालाच कळलं नाही, तर तो सूड कसला? ते नुसतं खराब काम.”

भाऊने ती मेणातली प्लेट पुढे ओढली. “मग काय करू?”

“दात नीट बसव. आयुष्यात बसवले नसशील इतके नीट.” तिने फोन उचलला आणि दंतवैद्य बाईंना आपल्या सगळ्यात गोड आवाजात सांगितलं, “मॅडम, वादक आहेत म्हणता, तर कडा वाजवून बघूनच घासाव्या लागतील. गुरुवारी अकरा वाजता त्यांना वाद्यासकट इकडेच पाठवून द्या ना.”

गुरुवारी पोपट आला. बासष्ट वर्षांचा, सदरा हिरवाच, तोंडावर रुमाल. दुसऱ्या हातात वाद्याची पेटी. भाऊने त्याला खिडकीशी बसवलं. भाऊच्या चेहऱ्यावरून त्याची नजर दोन-तीनदा फिरली, पण ओळखीची खूण काही दिसली नाही. टेप्या त्याच्या लेखी केस आणि दाढी होता. चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.

प्लेट चपखल बसली. पोपटाने वाद्य जोडलं, तोंडाला लावलं आणि डोळे मिटून एक लांब सूर धरला. मग तो सूर वर नेला, वळवला, खाली आणला. मागच्या खोलीतले कामगार दारात येऊन उभे राहिले. मावशीची मानसुद्धा नकळत हलली. पोपटाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“देवमाणूस आहात हो तुम्ही. मला वाटलं होतं, संपलं सगळं.”

“एक कड जरा बोचेल पुढे. काढून द्या, घासून देतो,” भाऊ म्हणाला.

पोपटाने प्लेट काढून त्याच्या हातावर ठेवली. भाऊने ती घासली नाही. वाकून आपल्या बुटाच्या टोकासमोर जमिनीवर ठेवली.

“मला ओळखलंत?”

पोपट गोंधळून हसला. समोरचे दात नसल्यामुळे त्याचं हसू लहान मुलासारखं दिसत होतं. “नाही बुवा.”

“टेप्या.”

हसू गेलं. नेमका त्याच वेळी पोस्टमन खोकी घेऊन दारात आला. आत काय चाललंय हे न कळून तो तिथेच थांबला.

“अरे… ते जुनं झालं शगळं,” पोपट म्हणाला. दात नसल्यामुळे ‘स’ सटकत होता. “गंमत होती ती. शोड ना.”

भाऊने बूट उचलून प्लेटवर नुसता टेकवला. वजन दिलं नाही. “मी टेपा विकल्या होत्या?”

“तेव्हा शगळे म्हणत होते…”

“सगळ्यांचं नका सांगू. तुम्हाला काय माहीत होतं?”

कारखान्यात मेण वितळल्याचा वास होता आणि भट्टीवरचं पाणी उकळत होतं. बुटाखाली अगदी बारीक करकर झाली.

“भाऊ,” मावशी म्हणाली. एवढंच. थांब की चालू दे, हे त्या आवाजावरून कळलं नाही.

पोपटाने रुमाल तोंडाशी नेला, मग खाली घेतला. “माझ्या मेहुण्याने विकल्या. आठवडाभर आधीच कळलं होतं मला. बँड त्याच्या जिवावर चालला होता, गाड्या, शभागृहं, शगळं तोच बघायचा. त्याचं नाव घेतलं अशतं तर घर मोडलं अशतं. कुणीतरी हवा होता.”

“मीच का?”

पोपट खरं बोलायला लागला तो आता थांबेना. “तू शगळ्यांत शोपा होताश. तुझ्यामागे कोणी नव्हतं.”

मावशीने दात-ओठ खाऊन तोंड फिरवलं. भाऊच्या मनात आलं, की आता टाच दाबावी. एकच सेकंद लागेल. त्या सेकंदासाठी तो एकोणीस वर्षं थांबला होता. पोपट बुटाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती भाऊने डोळे भरून पाहिली. घाई केली नाही. पोट भरल्यावर त्याने पाय बाजूला घेतला, प्लेट उचलली, नळाखाली धुतली, कड तपासली आणि पोपटाच्या हातात दिली.

“रविवारी माइकवर सांगा. जिथे चोर म्हणालात, तिथेच.”

“शांगतो. शपथ.” प्लेट तोंडात गेली आणि जीभ ताळ्यावर आली. “नक्की सांगतो.” मग तो पेटी उचलून, पोस्टमनला चुकवून, जवळजवळ पळालाच.

पोस्टमन अजून दारातच होता. हातातली खोकी त्याने हळूच खाली ठेवली. “तुम्ही टेप्या?”

“हो.”

“आणि मी रोज इथे बसून तुम्हाला चोर म्हणायचो.”

“म्हणायचास.”

पोस्टमनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, मिटलं, सही न घेताच बाहेर गेला आणि सायकलवर बसला. त्याच्या रस्त्यावर सातशे घरं होती. त्यातल्या किती घरांत ‘आडवाट’चे चाहते होते, हे त्याला पाठ होतं.

रविवारी भाऊ आणि मावशी नदीकाठच्या मैदानावर गेली. मावशीने घडीची खुर्ची, छत्री आणि कानांत घालायला कापूस आणला होता. लोक पाच हजारांच्या वर असावेत. पहिली दोन गाणी झाली. पोपट सुरेख वाजवत होता, आणि प्रत्येक सुरागणिक भाऊला आपलं काम ऐकू येत होतं. ते बरंही वाटत होतं आणि सहनही होत नव्हतं.

दुसऱ्या गाण्यानंतर पोपट माइकवर आला. हवेबद्दल बोलला. इतक्या वर्षांनी किती छान वाटतंय ते बोलला. आभार मानले. आणि मागे वळला.

“गिळलं मेल्याने,” मावशी म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “टेप्या!” तो पोस्टमन होता. त्याच्या आजूबाजूची वीस-पंचवीस माणसं उठली. “टेप्या! टेप्या!” मग डावीकडून, मग मागून. तीन दिवसांत बातमी कुठे कुठे पोचली होती कुणास ठाऊक. ज्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही तालात सामील झाले. भाऊने मावशीच्या खुर्चीची पाठ धरली. एकोणीस वर्षांपूर्वी असाच हजारोंचा आवाज त्याच्या अंगावर आला होता.

बँडमधल्या बाकी चौघांना काही कळेना. बास गिटार वाजवणाऱ्या बाई पुढे आल्या आणि पोपटाला काहीतरी विचारलं. तो मान हलवत राहिला. आवाज थांबेना. शेवटी त्याने माइक पकडला.

“त्या माणसाने टेपा विकल्या नव्हत्या.” घसा खाकरला. “मला तेव्हाही माहीत होतं.”

“मग कुणी विकल्या?” कुणीतरी ओरडलं.

पोपटाने मंचाच्या कडेकडे बघितलं. “माझ्या मेहुण्याने.”

मंचाच्या कडेला गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून उभा असलेला एक जाडजूड माणूस हळूच पडद्यामागे सरकला. बासवाल्या बाईंनी पोपटाकडे नुसतं बघितलं. मग ढोलवाल्याकडे बघितलं, आणि पुढचं गाणं सुरू केलं.

“झालं?” मावशीने कानातला कापूस काढत विचारलं. “एवढंच?”

“थांबा,” भाऊ म्हणाला. त्याला काहीतरी दिसायला लागलं होतं. “यांच्यात कुणी कधी वाजवायचं हे लिहिलेलं नसतं, मावशी. ज्याचं चालू आहे, त्याने दुसऱ्याकडे बघून मान हलवायची. मान हलली, की त्याची पाळी.”

दोन कडवी झाली. गिटारवाल्याने वाट सोडली, बाकीचे त्याच्यामागे गेले. त्याने मान हलवली ती पेटीवाल्याकडे बघून. पेटीवाल्याने बासवाल्या बाईंकडे. त्यांनी ढोलवाल्याकडे. त्याने परत गिटारवाल्याकडे. पोपट वाद्य तोंडाशी धरून तयार उभा होता. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पुढच्या गाण्यातही तेच. एकदा तो न बोलावताच शिरायला गेला, तर चौघांनी एकदम सूर बदलला आणि तो आडवाटेवर एकटाच पडला. लोकांच्याही ते लक्षात आलं. पाळी फिरत पोपटाजवळ आली आणि पुढे गेली, की मैदानभर दबकं हसू पसरायचं. तासभर तो तसाच उभा राहिला, तोंडात जगातले सगळ्यात चांगले बसवलेले चार दात घेऊन. भाऊने एक क्षणही नजर हलवली नाही.

“आमच्यात हे जमलं नसतं,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “आमच्यात कागदावर लिहिलेलं असतं. कितीही नालायक असला, तरी त्याला वाजवू द्यावंच लागतं.”

“मग? कोण मोठं?”

“सुडाला तुमचं बरं. गाण्याला आमचंच.”

शेवटचं गाणं संपल्यावर पोस्टमन शोधत आला. सोबत पाच-सहा जण होते, पन्नाशीचे, भाऊने कधीकाळी ज्यांना टेपा पाठवल्या होत्या असे. एकाने हात पुढे केला. “त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या होत्या,” तो म्हणाला. भाऊने हात हातात घेतला नाही. “माहीत आहे,” तो म्हणाला. “तुम्ही तिसऱ्या रांगेत होता.” आणि मावशीची खुर्ची काखेत मारून निघाला. पोस्टमनला मात्र जाता जाता पाठीवर थाप दिली.

सोमवारी दंतवैद्य बाईंची तक्रार मालकांकडे पोचली. रुग्णाचे दात जमिनीवर ठेवणं, त्यावर बूट टेकवणं, धमकी. मालक शांत माणूस, पण असलं काही त्यांच्या कारखान्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी भाऊला आत बोलावलं. पुढच्या दातांचं काम सहा महिने बंद, तोवर फक्त दाढा. दाढा म्हणजे शिकाऊ कामगाराचं काम. त्या कुणाला दिसत नाहीत.

“मान्य,” भाऊ म्हणाला.

“काही पश्चात्ताप वगैरे होतोय का?” मालकांनी विचारलं. तक्रारीच्या कागदावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं.

भाऊने खरंच विचार केला.

“दात परत दिले, त्याचा थोडा होतोय,” तो म्हणाला, आणि बाहेर येऊन पहिली दाढ मेणात बसवायला घेतली.